घसरलेल्या उपासकाला विहाराचे दार



पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेला घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आज मला ती मोडणाऱ्याविषयी बोलायचे आहे.

चार महिने कडक राहिलेला माणूस हळदीच्या रात्री एक पेला घेतो. सकाळी म्हणतो, "शील मोडलेच, आता विहारात कुठले तोंड दाखवू?" आणि दुपारी गुत्त्यावर जातो. त्याला बुडवले कोणी? पेल्याने की या विचाराने?

ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही व्यसनी माणसांना वोडका म्हणून नुसते टॉनिक दिले, तर काहींना टॉनिक म्हणून वोडका मिसळून दिली. आपण वोडका पितो असे ज्यांना वाटले, ते अधिक प्यायले. पेल्यात खरोखर काय होते याने फारसा फरक पडला नाही. शरीराची ओढ खोटी, असा याचा अर्थ मात्र काढू नका. जुन्या पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो; त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे.

मार्लॅट यांनी पुढे दाखवले की घसरणे वेगळे आणि कोसळणे वेगळे. "मी मुळातच नालायक" ही भावना घसरलेल्याला खाली ढकलते. घसरण बहुधा खिन्न मन, भांडण किंवा मित्रांचा आग्रह यांतून होते.

पालीत शीलाला सिक्खापद, म्हणजे शिक्षापद, म्हणतात. बेरीज चुकली म्हणून आम्ही शिक्षक मुलाचे नाव पटावरून काढत नाही! यात दारूला सूट नाही. शील पुन्हा घ्यायचे आहे.

सिॲटलच्या एका तुरुंगात दहा दिवसांची विपश्यना शिबिरे झाली. मार्लॅट व सहकाऱ्यांचा त्यावरील अभ्यास २००६ साली आला. सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिरार्थींचे दारू, गांजा व क्रॅक कोकेनचे सेवन इतर कैद्यांपेक्षा कमी आढळले. तृष्णा लाटेसारखी चढते, ओसरते. तिच्यामागे न धावता तिला पाहत राहावे, असे मार्लॅट शिकवीत. अनित्यता ऐकत आलेल्या आपल्याला हे नवे वाटू नये.

तेव्हा पुढच्या रविवारी तो दाराशी घुटमळला तर आत बोलवा. चारचौघांत विचारू नका. वंदना झाल्यावर बाजूला घेऊन विचारा: कोणती संध्याकाळ, सोबत कोण, आधी घरी काय झाले होते? आणि पगाराच्या दिवशी त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जा.