आशा आणि आश्वासन

असाध्य रोगावर आपल्याला औषध सापडले आहे, असे एखाद्या थोर डॉक्टरला मनापासून वाटते. पण पुरावा अजून पुरता जमलेला नाही. अशा वेळी त्याने काय करावे? गप्प बसावे, तर रोज माणसे मरत आहेत. बोलावे, तर हाती नसलेल्या यशाची ग्वाही दिल्यासारखे होते. रॉबर्ट कॉख यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न मला टाळता येत नाही.

कॉख हे मूळचे वोल्स्टाइन या लहानशा गावातले सरकारी डॉक्टर. रोगी तपासून उरलेल्या वेळात त्यांनी घरीच गुरांच्या अँथ्रॅक्स रोगाच्या जंतूंचा अभ्यास केला. १८७६ साली ते ब्रेस्लाउला गेले आणि तेथील प्राध्यापक फर्डिनांड कोहन यांच्यासमोर त्यांनी आपले सारे प्रयोग करून दाखवले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर करतानाही सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे नमुने त्यांनी सर्वांपुढे मांडून ठेवले होते. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे त्यांना म्हणावेच लागले नाही. ‘या आणि पाहा’ एवढेच पुरेसे होते.

त्या काळी माणसांच्या मृत्यूंपैकी सातवा हिस्सा क्षयाने होत असे, असे कॉख यांनीच त्या व्याख्यानात सांगितले होते. आपल्याकडेही क्षयाचे नाव घराघरांत दबक्या आवाजात घेतले जाई. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला रोग्याला न्यायचे ठरले, की घर सुन्न होई. म्हणून पुढे जे घडले, ते आपल्याला परके वाटू नये.

ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत कॉख यांनी क्षयाच्या जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य सापडल्याचे सांगितले. नोव्हेंबरात त्यांनी लेख लिहिला आणि सुरुवातीच्या अवस्थेतला क्षय त्याने बरा होतो, असे म्हटले. ते द्रव्य त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतले होते. थंडीतापाने अंग फणफणले, तेही प्रामाणिकपणे लिहिले. मात्र द्रव्य कशाचे आहे, हे सांगितले नाही. देशोदेशींचे रोगी बर्लिनकडे धावले. जानेवारी १८९१ मध्ये फिरखो यांनी दगावलेल्या रोग्यांच्या शवविच्छेदनांचे निष्कर्ष मांडले आणि औषधाने काहींचा रोग उलट पसरल्याचे दिसले. त्याच महिन्यात कॉख यांनी उलगडा केला: ते क्षयजंतूंचे ग्लिसरीनमध्ये काढलेले अर्क होते.

कोणी म्हणेल, मरणाऱ्याला आशा देण्यात पाप कोणते? आशेला माझा विरोध नाही. परंतु आशा आणि आश्वासन यांत अंतर आहे. ‘कदाचित’ या शब्दासह दिली जाते ती आशा. ती ऐकणाऱ्याला विचार करायला मोकळे ठेवते. आश्वासन त्याचा निर्णय आपल्याच हाती घेते. आमच्या शाळेत एस. एस. एल. सी.च्या परीक्षेआधी पालक येतात. कोणी मराठीत विचारतो, कोणी कन्नडमध्ये; प्रश्न एकच असतो, ‘सर, पोरगा पास होईल ना?’ ‘होईल’ म्हणणे सोपे असते, आणि हेडमास्तर म्हणाले म्हणून ते घरी खरेच धरले जाते. ज्याच्या शब्दाला वजन जास्त, त्याने तो अधिक मोजून वापरावा, तो याचसाठी.

स्वतःला टोचून घेणे हे धैर्य खरेच. पण स्वतःवर संकट ओढवून घेतल्याने दुसऱ्याला संकटात घालण्याचा अधिकार मिळत नाही. त्यातही गुप्ततेने मोठी हानी केली. ब्रेस्लाउमध्ये कोणीही चूक दाखवू शकत होते. बर्लिनमध्ये काही महिने ती वाटच बंद होती. कॉख यांची बुद्धी तीच होती, प्रामाणिकपणाही फारसा बदलला नव्हता. बदलले ते एवढेच, की इतरांना तपासू देण्याऐवजी त्यांनी आपल्या नावावर विसंबायला सांगितले.

तेच द्रव्य पुढे क्षयाची लागण ओळखण्याच्या चाचणीसाठी उपयोगी पडले. कॉख यांना १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही क्षयावरील संशोधनासाठीच. त्यांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. आपण मात्र मुलांना शास्त्रज्ञांची चरित्रे सांगताना शोधाच्या दिवसाबरोबर १८९० सालचा तो हिवाळाही सांगावा. थोर माणसालाही ‘दाखवा’ असे म्हणण्यात त्याचा अपमान नसतो, एवढे तरी मुलांना त्यातून कळेल.