सदोष कर्म आणि थांबणारा माग

अग्नी जसा धुराने वेढलेला असतो, तसे सर्व आरंभ दोषाने वेढलेले असतात. म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे भगवंतांनी अठराव्या अध्यायात अर्जुनाला सांगितले आहे. या उपदेशाच्या आधाराने पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. दोष असावयाचाच, मग तो पाहावा कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु कर्म टाकू नये असे भगवंत म्हणतात. दोष झाकावा असे म्हणत नाहीत. धूर होतो म्हणून कोणी चूल विझवीत नाही हे खरे. पण ओले लाकूड बाजूला काढून फुंकणी हाती घेणारी गृहिणी काही शास्त्राविरुद्ध वागत नाही.

जपानमध्ये साकिची तोयोदा (१८६७–१९३०) या नावाचे एक सुतारपुत्र होऊन गेले. सामान्य यंत्रमागाची अडचण अशी की, धागा तुटला तरी तो चालतच राहतो आणि वारच्या वार सदोष कापड विणीत जातो. तोयोदांनी असा माग सिद्ध केला की, धागा तुटताच तो आपोआप थांबावा. १९२४ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या स्वयंचलित मागामुळे एकेका कामगाराला पुष्कळ माग सांभाळता येऊ लागले. पुढे ताइइची ओहनो (१९१२–१९९०) यांनी हेच तत्त्व टोयोटाच्या मोटार-कारखान्यात आणले. तेथे दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढावी (अलीकडे पुष्कळ ठिकाणी कळ दाबतात), गटप्रमुखाने धावत यावे, आणि ठरलेल्या अवधीत दोष सुटला नाही तर सारी रांग थांबावी, असा परिपाठ पडला.

ओहनो यांनी आपल्या १९७८ च्या ग्रंथात एक उदाहरण दिले आहे. यंत्र बंद पडले. का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरले नाही. का पुरले नाही? पंप पुरेसे वंगण ओढीत नव्हता. ते का? पंपाचा दांडा झिजला होता. आणि दांडा का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला होता. फ्यूज बदलून काम भागविणाऱ्याचे यंत्र थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडते.

दुसऱ्या अध्यायाचे बासष्ट व त्रेसष्ट हे श्लोक साधकाने या दृष्टीने उलटे वाचून पाहावेत. मनुष्याचा नाश का झाला? बुद्धी गेली. बुद्धी का गेली? स्मृती ढळली. ती मोहाने; मोह क्रोधाने; क्रोध कामनेतून, कामना आसक्तीतून, आणि आसक्ती विषयांच्या सततच्या चिंतनातून. घरात संतापून बोलल्यावर क्षमा मागणे योग्यच, पण ते फ्यूज बदलणे झाले. गाळणी बसवावयाची ती चिंतनाच्या ठिकाणी.

मात्र दोरी ओढण्यास धैर्य लागते. सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या गणनेत अभय सर्वांच्या आधी आले आहे, आणि अक्रोधही त्याच गणनेत आहे. ज्या दुकानात मालक रागावतो तेथे मुनीम हिशेबातील चूक दडवितो. ज्या घरात वडील हात उगारतात तेथे मुलगा फुटलेले भांडे अडगळीत लपवितो. लहानांचे अभय बहुधा थोरांच्या अक्रोधावर अवलंबून असते. कामगाराला दोष दाखविल्याबद्दल दटावणाऱ्या कारखान्यात दोरी टांगलेली असूनही कोणी तिला हात लावीत नाही.

एक सावधगिरी येथे अवश्य आहे. कर्मातील कौशल्यास भगवंतांनी योग म्हटले, तेव्हा काम चलाखीने करणारा प्रत्येक जण योगी झाला, असा सोयीचा अर्थ काढतात. तसे असते तर खिसेकापूही योगी ठरता! त्या श्लोकातील कौशल्य समबुद्धीचे आहे: फळाच्या लोभाने न बांधले जाता कर्म करण्याचे. अपव्यय काढण्याच्या नावाखाली कामगाराची विश्रांतीच काढून घेणाऱ्या मालकाला गीतेचा आधार मिळत नाही. ओहनो यांच्या परंपरेतही माणसावर किंवा यंत्रावर अति भार टाकणे, ज्याला जपानी भाषेत ‘मुरी’ म्हणतात, हा दोषच मानला आहे.

अर्जुनानेही दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा करविला होता. भगवंतांनी आधी त्याची कानउघाडणी केली, पण त्याला प्रश्न विचारू दिले, आणि सर्व सांगून झाल्यावर शेवटी स्वतःच विचारले: हे तू एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना? अर्जुनाने संशय फिटल्याचे सांगितले ते या प्रश्नानंतर.