एक कार्ड, दोन ड्रायव्हर

एकाच कार्डासाठी दोन ड्रायव्हर असतील आणि दोन्ही नीट चालत असतील, तर कुठला घ्यावा? सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवणाऱ्यांना हा प्रश्न २०१४ मध्ये पडला. सर्व्हरमधल्या डिस्क बऱ्याचदा थेट मदरबोर्डला न जोडता मेगारेड कार्डाला जोडलेल्या असतात. हे कार्ड अनेक डिस्क मिळवून एक सलग जागा दाखवतं आणि त्यातली एखादी गेली तरी डेटा शाबूत ठेवतं; या मांडणीला रेड म्हणतात. एलएसआय कंपनीच्या या कार्डांसाठी फ्रीबीएसडीत २००६ पासून ‘एमएफआय’ नावाचा ड्रायव्हर होता. ९२६६, ९२७१ अशी पुढच्या पिढीची कार्डंही तो चालवत होता. मग कंपनीने स्वतःच ‘एमआरसॅस’ हा नवा ड्रायव्हर दिला आणि त्याच कार्डांवर दोघांचा हक्क सुरू झाला. डेलच्या पर्क एच७१० कार्डाचंही तेच, कारण आतली चिप एलएसआयची.

मशीन सुरू होताना सिस्टीमचा गाभा असलेला कर्नल प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, हे कार्ड तुझं का? दोघंही हो म्हणाले तर ज्याचं प्राधान्य वरचं त्याला कार्ड मिळतं. इथे ते प्राधान्य जुन्या एमएफआयला दिलं होतं. नवा हवा असेल तर बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या ‘डिव्हाइस हिंट्स’ फाइलमध्ये आपण होऊन एक ओळ लिहायची. कंपनीचा सल्लाही तसाच होता. जे आधीपासून एमएफआयवर आहेत आणि ज्यांना हलायचं नाही, त्यांनी तिथेच राहावं. जे हे कार्ड पहिल्यांदा लावताहेत, त्यांनी पहिल्या दिवसापासून एमआरसॅस घ्यावा. बदल एकदाच करायचा या हिशेबाने सोय केलेली आहे, पुन्हा पुन्हा इकडून तिकडे उड्या मारू नयेत, असंही ड्रायव्हरच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं होतं.

स्वतःचा नवा ड्रायव्हर हाती असताना जुन्या वापरकर्त्याला ‘तू आहेस तिथेच राहा’ म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. यंत्रांच्या जगात नव्याचा आग्रह सतत आपल्या मागे असतो. इथे मात्र कुणीतरी आधी अशा माणसाचा विचार केला, जो या निर्णयाच्या वेळी हजरच नव्हता. त्याने फक्त सिस्टीम अपडेट केली आहे आणि सकाळी मशीन उठेल या भरवशावर तो झोपला आहे.

ड्रायव्हर परस्पर बदलला तर मशीन न उठण्याचं कारण साधं आहे. एमएफआय आपल्या डिस्कना स्वतःची नावं देतो: एमएफआयडी०, एमएफआयडी१. एमआरसॅस डिस्क देतो त्या सगळ्या स्कझी डिस्कसाठी असलेल्या सामाईक थरातून, म्हणून तिथे नावं होतात डीए०, डीए१. डेटा जागच्या जागी असतो, रेडची मांडणीही कार्डावर आणि डिस्कवर तशीच असते. पण कुठली फाइल सिस्टीम कुठल्या डिस्कवरून उचलायची याची यादी ‘एफएसटॅब’मध्ये जुन्याच नावांनी लिहिलेली असते. पालिकेने घरांना नवे क्रमांक द्यावेत आणि पोस्टमनच्या हाती जुनीच वही राहावी, तसं होतं. ज्यांनी विभागांना आधीच लेबलं देऊन एफएसटॅबमध्ये ती वापरलेली असतात, त्यांना याची झळ लागत नाही. झेडएफएस ही फाइल सिस्टीम तर आपल्या डिस्क त्यांच्यावर लिहिलेल्या खुणांवरूनच ओळखते, नाव काही का असेना. मात्र अशा मशीनवर स्वॅपची, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची, एफएसटॅबमधली ओळ जुन्याच नावाने राहून जाते. मशीन उठतं, सगळं छान दिसतं, फक्त स्वॅप लागलेला नसतो; आणि हे कळतं ते मेमरी संपायला येते तेव्हा.

मला याहून जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. न उठणारं मशीन निदान ओरडून सांगतं; कुणीतरी कन्सोलवर येतं आणि दुरुस्त करतं. पण रोज रात्री कार्डाची तब्येत विचारणारी एक छोटी स्क्रिप्ट बऱ्याच सर्व्हरवर असते. डिस्क ठीक आहेत का, कॅशची बॅटरी चार्ज आहे का, रेड पूर्ण आहे की एका डिस्कने लंगडं झालंय, हे ती पाहते. एमएफआयच्या काळात लिहिलेली स्क्रिप्ट त्याच ड्रायव्हरच्या साधनाला प्रश्न विचारते. ड्रायव्हर बदलला की ज्या दारावर ती थाप मारत होती ते दारच उरत नाही. स्क्रिप्ट चांगली लिहिलेली असेल तर उत्तर मिळत नाही असं कळवते. घाईत लिहिलेली असेल तर ‘बिघाड’ हा शब्द कुठे सापडला नाही म्हणून सगळं ठीक समजते. मग एक डिस्क जाते, कुणाला पत्ता नाही. काही महिन्यांनी दुसरी जाते, आणि रेड-५ ला दुसरी डिस्क गमावणं परवडत नाही. एवढ्यासाठीच हे कार्ड घेतलेलं असतं, आणि तेच बिनराखणीचं पडून राहतं.

म्हणून ड्रायव्हर निवडताना मी वेगाकडे शेवटी पाहतो. फिरत्या डिस्कवर बराचसा वेळ चकती आणि हेड जागेवर येण्यातच जातो. दोन ड्रायव्हरमधला फरक तिथे क्वचित जाणवतो. आधी पाहतो ते हे, की बिघाडाची बातमी या ड्रायव्हरमधून मला कशी मिळणार आणि आणखी पाच वर्षांनी त्याची काळजी कोण घेत असेल. या दोन्ही बाबतींत नव्या मशीनसाठी मी एमआरसॅसकडे झुकतो. सामाईक थरातून येत असल्यामुळे तिथे इतर डिस्कसाठीची नेहमीची साधनं चालतात, आणि ९३६१ सारख्या १२ गिगाबिटच्या कार्डांसाठीही तो लिहिलेला आहे. जुनं मशीन एमएफआयवर शांतपणे चालत असेल, तर निव्वळ नवं आहे म्हणून मी त्याला हात लावणार नाही.

बदलायचंच ठरलं तर क्रम असा: आधी बॅकअप, मग जुन्याच ड्रायव्हरवर असताना एफएसटॅब लेबलांवर आणायचा आणि एकदा रीस्टार्ट करून बघायचं. मग हिंट्सची ओळ लिहायची, तीही कन्सोलजवळ बसून. राखणीची स्क्रिप्ट नव्या साधनावर आणायची. आणि मशीन पुन्हा कामाला लावण्याआधी एक डिस्क मुद्दाम ओढून बाहेर काढायची, आणि रात्रपाळीला जो असेल त्याच्या फोनवर निरोप जातो का ते पाहायचं.