मद्यपानाचे स्वातंत्र्य आणि मुलाचा वाटा

जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मांडलेले हानितत्त्व, म्हणजे इतरांना इजा होत असेल तरच समाजाने व्यक्तीवर बंधन घालावे हा विचार, मद्यपानाच्या समर्थनार्थ वारंवार पुढे केला जातो. परंतु व्यसनापायी मुलाबाळांचे पालनपोषण न करणारा मनुष्य कर्तव्यभंगाबद्दल दंडास पात्र ठरतो, असे मिलनेच तेथे म्हटले आहे, हे समर्थक सोयीस्करपणे विसरतात.

मुलाची ही हानी तर जन्माआधीच सुरू होऊ शकते. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग मद्याच्या रूपाने देण्याची ‘डॉप’ ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि गर्भावस्थेतच मद्य पोहोचल्यामुळे बाळाची वाढ खुंटणे व मेंदू कायमचा बाधित होणे हा विकार तेथे आजही जगातील अत्यंत मोठ्या प्रमाणात आढळतो. बौद्ध पंचशीलातील पाचवे शील मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, कारण मानते. मात्र या मळ्यांतील प्रमाद एकट्या मातेचा मानणे (समाज तसे मानतोच) अन्यायाचे आहे, कारण तिच्या हाती प्याला देणारी अर्थव्यवस्था पूर्ण सावध होती. म्हणून या हानीचा पहिला जाब मळेवाल्याला आणि त्याला मोकळीक देणाऱ्या राज्यसत्तेला विचारला पाहिजे, मातेला नंतर.