पुढारी मोजायचा कशानं?

देशाचा सर्वांत थोर पुढारी कोण आणि सर्वांत वाईट कोण, हा सवाल दर काही वर्षांनी कुणीतरी उकरून काढतं. साप्ताहिकवाले काढतात, चॅनेलवाले काढतात आणि शिबिरात रात्री जेवणं झाल्यावर आपली पोरंही काढतात. मग यादी होते. ज्याचा त्याचा माणूस वर, दुसऱ्याचा खाली. 2012 साली अशीच एक देशभर मोजणी झाली. गांधींनंतरचा सर्वांत थोर भारतीय कोण, असा सवाल होता आणि पहिला नंबर बाबासाहेबांचा आला. आपल्यातल्या पुष्कळांना आनंद झाला. होणारच. पण दोस्तहो, सवालाकडं नीट बघा. गांधींना मोजणीतून आधीच बाजूला काढून पाटावर बसवलं होतं. तिथं मत चालत नव्हतं. उतरंडीचं वरचं मडकं कुणी हलवायचं नाही, खालच्या मडक्यांनी तेवढे आपसात नंबर लावायचे. ही रचना आपल्या ओळखीची नाही काय?

आणि नंबर तरी काय? 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत याच बाबासाहेबांना मुंबईच्या मतदारांनी पाडलं. 1954 ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पाडलं. साठ वर्षांनी त्यांना ढीगभर मतं पडली. मधल्या काळात बाबासाहेब काही नवं करायला आले नव्हते. डोकी मोजून सरकार बनतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माणसाचं मोठेपण डोकी मोजून कळत नाही.

मग कशानं कळतं? यावर बाबासाहेबांनी स्वतःच डोकं चालवलेलं आहे. 18 जानेवारी 1943 ला पुण्याला रानड्यांच्या 101 व्या जयंतीचं भाषण झालं, तेच पुढं ‘रानडे, गांधी आणि जीना’ म्हणून छापलं गेलं. आपल्या पोरांनी हे भाषण वाचलंच पाहिजे. जयंतीला बोलावलंय म्हणून हार घालून मोकळे होणारे ते नव्हते. थोर कुणाला म्हणायचं, हाच मुद्दा त्यांनी धरला. कार्लाइल नावाचा स्कॉटिश लेखक सांगून गेला होता की थोर माणूस आधी प्रामाणिक पाहिजे. बाबासाहेब म्हणतात, ठीक, पण तेवढ्यानं भागत नाही. बुद्धीही पाहिजे. आणि दोन्ही असूनही माणूस थोर होईलच असं नाही. समाज बदलायच्या हेतूनं तो पेटलेला पाहिजे. समाजाच्या पाठीवर त्यानं कोरडा ओढला पाहिजे आणि समाजाची घाणही काढली पाहिजे. म्हणजे झाडूवाल्याचं काम! थोरपणाच्या व्याख्येत झाडू आणून ठेवणं हे ज्याच्या बापजाद्यांना गावानं घाण उपसायला लावली त्यालाच सुचू शकतं. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट वेगळी करून ठेवली: एखाद्याबद्दल आदर असणं निराळं आणि त्याच्यापुढं डोकं गहाण टाकणं निराळं.

हे माप घेऊन एक अवघड माणूस मोजू. सोप्या माणसांना मोजण्यात काय मजा? इंदिरा गांधी घ्या. थोरांच्या यादीतही बाई असते, वाइटांच्या यादीतही असते.

1969 ला चौदा बँका सरकारजमा केल्या. 1971 ला संस्थानिकांचे तनखे बंद केले. ऑक्टोबर 1975 मध्ये, आणीबाणी चालू असताना, वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम काढला आणि 1976 ला त्याचा कायदा केला. 1955 चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा पुचाट होता. तो 1976 ला कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव दिलं. वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना घरासाठी जागा देणं होतं. वस्तीतली म्हातारी माणसं बाईचं नाव काढतात ते उगीच नाही. पँथरमधल्या नामदेव ढसाळांनी आणीबाणीत बाईंची बाजू घेतली, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या बाजूनं एक युक्तिवाद असतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ज्यांचे छापखाने होते त्यांना सेन्सॉर टोचला. ज्यांना सभेत बोलायची सवय होती त्यांचा घसा दाबला गेला. आमचा कुठला छापखाना? आणीबाणी तर आमच्या वस्तीला मनूपासून लागू आहे. मग वरच्यांची मुस्कटदाबी झाली म्हणून आम्ही का रडायचं?

दम आहे यात. पण कागद काढून बघा काय म्हणतो ते. 27 जून 1975 चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. घटनेच्या 14, 21 आणि 22 या कलमांतल्या हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही, असा. 14 म्हणजे कायद्यापुढं सगळे सारखे. 21 म्हणजे जीव आणि मोकळीक. 22 म्हणजे पकडलेल्या माणसाचं संरक्षण. हे काय मलबार हिलवाल्यांचे हक्क होते? वर बसलेल्याकडं ओळख असते, वकील असतो, पाहुणा मंत्री असतो. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही त्याला घटनेतलं कलम हाच एक पाहुणा. तोच दाराबाहेर काढला. 28 एप्रिल 1976 ला सुप्रीम कोर्टानंही चार विरुद्ध एक असं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एकटे न्यायमूर्ती खन्ना ‘नाही’ म्हणाले आणि पुढं सरन्यायाधीशपदाला मुकले.

नसबंदीचं बघा. 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. खालच्या नोकरांना आकडे ठरवून दिलेले, ते भरायचे. कुणाला धरून भरले? बंगल्यातल्या साहेबाला? ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती त्याला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, तेवढंच नशीब.

आता जमाखर्च मांडणारे म्हणतील, जमेला अमुक, खर्चाला तमुक, वजाबाकी करा आणि शिल्लक सांगा. माझं म्हणणं असं की ही वजाबाकी होतच नाही. ज्याला घराची जागा मिळाली तो वेगळा, ज्याला गाडीत घालून नसबंदीला नेला तो वेगळा. एकाच्या जमेतून दुसऱ्याचा खर्च कसा वळता करणार? आणि समजा दोघं एकच. वेठबिगारीतून कागदावर सुटलेला माणूस रस्त्यातून उचलला गेला, तर त्यानं कुठल्या दाराशी जायचं? जे दिलं ते परत हिसकावलं तर मागायला जागाच ठेवली नाही, तर दिलं ते हक्क म्हणून दिलं नाही, जोहार घालणाऱ्याच्या पदरात बलुतं टाकतात तसं टाकलं. बलुतं खाऊन आमच्या पिढ्या जगल्या, ते खोटं नाही. पण बलुतं देणाऱ्या पाटलाला आम्ही थोर म्हणत नाही.

म्हणजे आणीबाणीविरुद्ध लढले ते आपोआप आपले, असं कुणी समजू नका. मार्च 1977 ला जनता पक्ष आला, लोकशाही परत आली म्हणून पेपर भरून वाहिले. 27 मे 1977 ला बिहारात बेलछीला अकरा माणसं मारून जाळली, बहुतेक दलित. गृहमंत्री चरणसिंगांना त्यात टोळ्यांचं भांडण दिसलं. ऑगस्टमध्ये इंदिराबाई चिखलातून हत्तीवर बसून तिथं पोचल्या. मतांसाठी गेल्या म्हणा. पण गेल्या. आणि तरीही, याच जनता राजवटीत 1978 ला 44 वी घटनादुरुस्ती झाली. आता आणीबाणी लागली तरी 20 आणि 21 कलमांचं दार कुणाला बंद करता येत नाही. पुढच्या वेळी ज्याला उचलतील त्याला ती दुरुस्ती कामाला येईल. मग त्या दुरुस्तीला मत देणारा खासदार बेलछीवर गप्प बसलेला का असेना. एकाच सरकारच्या या दोन गोष्टी मला एका आकड्यात बसवता येत नाहीत आणि बसवायच्याही नाहीत.

कुणी विचारील, व्ही. पी. सिंगांचं काय? 1990 ला बाबासाहेबांना भारतरत्न दिलं, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, 7 ऑगस्टला मंडल जाहीर केलं. वरच्या जातींच्या यादीत हा माणूस तळाला आणि आपल्या यादीत वर. तर मग सगळे आपापल्या पोळीवर तूप बघून निकाल देतात, आपलंही तेच, असा टोमणा येतो. टोमणा खोटा नाही. म्हणून ‘आम्हाला काय दिलं’ हे माप मी घेत नाही. व्ही. पी. वर्षभरही टिकले नाहीत, पण त्यांनी केलं ते त्यांच्या मर्जीवर राहिलं नाही. खुर्ची गेली तरी पोरगा दाखला घेऊन, कोर्टाचा निकाल घेऊन खिडकीशी उभा राहू शकतो. त्याला व्ही. पी. सिंगांचा फोटो लावावा लागत नाही. त्यांनी फोटोची गरज ठेवली नाही, हे मला मोठं वाटतं.

आणि हे तरी सगळं त्यांच्या नावावर मांडायचं काय? मंडलचा अहवाल 1980 पासून धूळ खात होता, त्याच्या आधी कालेलकरांचा 1955 चा. ती धूळ किती जणांनी मोर्चे काढकाढून झटकली! आपल्या मराठवाड्याचं घ्या, तिथं हे जास्त उघडं दिसतं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, शरद पवार मुख्यमंत्री होते. लगेच मराठवाडा पेटवला गेला, वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. ठराव तसाच पडून राहिला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, तेव्हाही मुख्यमंत्री पवारच. मधली सोळा वर्षं कुणाच्या खात्यावर? यादी करणारा मुख्यमंत्र्याचं नाव लिहितो, कारण ते फायलीवर असतं. लाँग मार्चला चालत निघालेल्यांची आणि जेलमध्ये गेलेल्यांची नावं फायलीवर नसतात.

आपल्या घराकडंही बघू. 25 नोव्हेंबर 1949 ला घटनासमितीत बाबासाहेब सांगून गेले की धर्मात भक्ती चालेल, राजकारणात भक्ती आली की शेवट हुकूमशाहीत होतो. हे ते नेहरू-गांधींच्या भक्तांनाच सांगत होते, आपल्याला नाही, असं आपण सोयीनं धरलंय. रिपब्लिकन पक्षाची शकलं झाली, पँथर फुटली. प्रत्येक शकलाला एक नेता आणि प्रत्येक नेत्याला त्याचे भक्त. यांतल्या कुठल्या नेत्याला त्याच्या पोरानं भर सभेत ‘साहेब, हे चुकलं’ म्हटलं आणि तो पोरगा दुसऱ्या दिवशी संघटनेत राहिला? मोजायचंच आहे, तर दिल्लीच्या आधी पुढच्या शिबिरात हे मोजून बघा. व्यासपीठावर साहेब बसलेले असतानाच विचारा.