कन्येचे नाव काय ठेवावे?

गेल्या कार्तिकात एका गावी सप्त्याच्या कीर्तनाला आमचे जाणे झाले. यजमानांच्या घरी नात जन्मली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचे बारसे होते. दुपारी फराळ आटोपल्यावर घरच्या आजीबाई आमच्यापुढे येऊन बसल्या नि म्हणाल्या, "बुवा, तुम्हीच आता पोरांना दोन शब्द सांगा. नातीचं नाव म्हणे किरण ठेवायचं! आमच्या आळीत दोन किरण आहेत, दोन्ही बाप्ये. रुक्मिणी, सत्यभामा, लक्ष्मी ही नावं संपली का?" सूनबाई दाराआडून हळूच म्हणाल्या, "बुवा, मी मुद्दामच ते निवडलंय. अर्जावरचं नाव वाचूनच लोक ठरवतात, ही बाई, हिला हे काम जमायचं नाही. निदान दारात उभी राहीपर्यंत तरी माझ्या लेकीला कुणी मागं सारू नये."

आम्ही म्हटले, "रात्री कीर्तन झाल्यावर सांगतो." खरे सांगायचे तर आमचा कल आजीबाईंकडेच होता. तो कसा पालटला, ते येथे निवेदन करतो. कारण हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून निघतो.

प्रथम शास्त्र पाहू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, की स्त्रीचे नाव सुखाने उच्चारता येईल असे, सौम्य, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल, आशीर्वाद देणारे आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावाची अक्षरे दोन किंवा चार, मुलीच्या नावाची विषम आणि नाव आकारान्त, असे माप दिले आहे. या मापाने 'किरण' अक्षरसंख्येत बसते, पण शेवट ऱ्हस्व म्हणून नापास होते. आता त्याच मापाने भागवतातील देवहूति मोजून पाहा. अक्षरे चार, शेवट ऱ्हस्व इकार; दोन्ही नियम मोडले! पण कपिलमुनींची ही माता तिसऱ्या स्कंधात पुत्राकडून ज्ञान घेऊन कृतार्थ झाली. नावाचे माप तिच्या आड आले नाही.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्त्रियांच्या नावाचा नियम मनूने ज्या ठिकाणी सांगितला, तेथेच लगेच आधी शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असेही सांगितले आहे. तो नियम आपण पाळतो का? पाळू नये. आपल्या पंथात चोखोबा आहेत. चोख म्हणजे निर्मळ, आणि त्यांच्या बहिणीचे नावच निर्मळा. ज्यांना लोकांनी विटाळ मानले, त्यांची नावे ही अशी. तेव्हा एक नियम सोडायचा नि त्याच्या शेजारचा मात्र मुलीच्या डोक्यावर मारायचा, हा न्याय नव्हे.

आता व्याकरण. "किरण हा पुल्लिंगी शब्द, तो मुलीला कसा?" अशी शंका कोणी घेईल. तर बाबांनो, संस्कृतात पत्नीला तीन शब्द आहेत : भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी आणि दार हा तर पुल्लिंगी, तोही बहुवचनात! म्हणून काय घरधनीण पुरुष झाली, की एकीच्या चार झाल्या? उलट आपल्या निवृत्तिनाथांचे नाव पाहा. निवृत्ति हा शब्द शुद्ध स्त्रीलिंगी; पण तो धारण करणारे ज्ञानोबारायांचे थोरले बंधू आणि सद्गुरू. शब्दाचे लिंग वेगळे, देहाचे वेगळे आणि आत्म्याला तर लिंगच नाही.

आणि आपण वारकरी तर हे रोज जगतो. वारीत समोर शेतकरी असो, शिपाई असो, म्हातारी असो, हाक एकच : माउली. ज्ञानोबाराय पुरुषदेहाचे, तरी माउली. विटेवरचा सावळा पुरुषोत्तम, तरी विठाई. बारशालाच पाहा ना. पाळण्याखालून-वरून बाळ देताना बायका गोविंद, गोपाळ अशी नावे घेतात. बाळ मुलगी असले तरी पुष्कळ ठिकाणी तीच नावे चालतात, कुणी अडवत नाही. मग 'किरण' लाच का अडवावे?

यावर कोणी म्हणेल, "मग काहीही ठेवावे काय?" नाही. येथे हेतू पाहावा लागतो. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. त्यांची मूळ नावे काय होती? नकुशा, नकोशी! पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून या लेकरांना जन्मभर 'नको' अशी हाक. मुलगा झाला नाही या खंतीतून जर मुलीला मुलाचे नाव दिले, तर तीही नकुशाच, फक्त चांगल्या कपड्यातली. म्हणून आम्ही सूनबाईंना एवढेच विचारले, "मुलगा हवा होता का?" त्या म्हणाल्या, "नाही बुवा. हीच हवी होती."

तेव्हा आम्हाला आमचेच एक पाप आठवले. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने आम्ही आमच्या मंडळींचे नवे नाव लिहिले. त्यांना विचारले नाही. विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. नाव शास्त्रशुद्ध होते, दीर्घ आकारान्त होते. पुढे त्यांचे थोरले भाऊ वारले. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता मला माझ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही." गीतेवर तासन्‌तास बोलणारे आम्ही, त्या वाक्यापुढे निरुत्तर झालो. मुलीच्या नावाची एवढी चर्चा आपण करतो आणि लग्नात तेच नाव बोटाने पुसून टाकतो! नाव कोणते ठेवावे यापेक्षा ते तिचे तिच्यापाशी राहू द्यावे, हा धर्म मोठा.

रात्री कीर्तन झाल्यावर आम्ही दोघींना सांगितले. सूनबाईंना म्हटले, "नाव खुशाल ठेवा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. आपली मराठी मोठी चोखंदळ आहे. 'किरण' म्हटले तरी पुढच्याच शब्दाला 'आला' की 'आली' ते बोलावे लागते. नाव दारापर्यंत पोचवील. दाराच्या आत ती मुलगी म्हणूनच उभी राहणार. ते दार सरळ करणे हे लेकराचे काम नव्हे, आपले आहे." आणि हे म्हणताना आमची मान थोडी खाली गेली, कारण मुक्ताबाई, जनाबाईंची वाणी गाणाऱ्या आपल्यातच, बाईने कीर्तनाला उभे राहावे की नाही ही कुजबुज अजून कानी येते.

आजीबाईंना म्हटले, "अजामिळाने मुलाला हाक मारली नि नारायणाचे नाम घडले. तुम्हालाही ते घडावे असे वाटते, ते रास्तच आहे. तर कागदावर किरण असू द्या, तुम्ही विठाई म्हणा." आजीबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बुवा, माझंही पाळण्यातलं नाव वेगळं होतं. ते आता मलाच एकटीला ठाऊक."

दुसऱ्या दिवशी कानात नाव सांगायला सूनबाईंनी त्यांनाच पुढे केले. म्हातारी पाळण्यावर वाकली आणि तिने स्वच्छ आवाजात 'किरण' म्हटले. नंतर आणखी काही पुटपुटली. ते मात्र कोणास ऐकू आले नाही.

रामकृष्णहरी.