दोघांनीं मोजलेला पैसा

(वाचावें: २ राजे, अध्याय १२, वचनें ४ ते १५)



यरुशलेमेंतील मंदिर मोडकळीस आलें होतें. लोकांकडून येणारा पैसा घेऊन पडझड दुरुस्त करावी, अशी योवाश राजानें याजकांस आज्ञा केली. राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष आलें तरी दुरुस्ती झाली नव्हती. याजकांनीं पैसा खाल्ला, असें शास्त्र म्हणत नाहीं. पैसा येत राहिला व काम तसेंच राहिलें, इतकेंच दिसतें. हें चित्र आपल्यापैकीं कोणास अनोळखी आहे?

मग यहोयादा याजकानें काय केलें तें पाहा. त्यानें उपदेश केल्याचें लिहिलेलें नाहीं. (आम्हां उपदेशकांनीं हें ध्यानांत ठेवावें.) त्यानें एक पेटी घेतली, झांकणास भोंक पाडलें व ती वेदीजवळ ठेविली. पेटींत पैसा पुष्कळ जमला म्हणजे राजाचा चिटणीस व प्रमुख याजक असे दोघे येऊन मोजीत; नंतर तो देखरेख करणाऱ्यांच्या हातीं व तेथून सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या हातीं जाई. देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीनें वागत. ती सचोटी खरीच. परंतु पैसा त्यांच्याकडे येण्यापूर्वीं दोघांनीं मोजलेला होता, हें विसरूं नये.

आतां आपल्या कामाकडे वळूं. १९७२ च्या दुष्काळांत आपल्या वडीलधाऱ्यांनीं खडी फोडून दिवस काढिले. पुढें १९७७ सालीं महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला. गरिबांस त्याचा मोठा आधार झाला. परंतु कामावर न आलेल्यांचीं नांवें हजेरीपटावर चढल्याच्या तक्रारीही पुष्कळ झाल्या. हजेरी मांडणारा मुलगा कधीं कधीं आपल्याच मंडळींतला असतो; चार यत्ता शिकलेला, रविवारीं पेटी वाजविणारा. त्यास गांवांतला वजनदार गृहस्थ म्हणतो, “बाबा, दोन नांवें घाल. सरकारचाच पैसा आहे.” नाहीं म्हणावें तर काम जाईल, हो म्हणावें तर खऱ्या मजुराच्या तोंडचा घांस जातो. आपण त्यास रविवारीं सांगतों, “विश्वासू राहा,” आणि सोमवारीं एकटा सोडतों. हा मला अन्याय वाटतो.

२००५ सालच्या राष्ट्रीय कायद्यानें अशा कामांची तपासणी ग्रामसभेकडे दिली होती. हजेरीपट मोठ्यानें वाचला म्हणजे खोटें नांव लपत नाहीं. गांव गांवकऱ्यांस ओळखतो. ग्रामसभा आजही भरते. तेथें मंडळीचीं दहा माणसें, विशेषतः कामावर जाणाऱ्या स्त्रिया, जाऊन बसल्या, तर त्या मुलास असें म्हणतां येईल, “काका, माझी ना नाहीं; पण यादी लोकांपुढें वाचली जाते.” धीट नसलेल्या माणसासही हें बोलतां येतें. यहोयादाच्या पेटीनें हेंच केलें.

दुसऱ्यास मोजावयास बोलाविणें म्हणजे पहिल्यावर अविश्वास, असें कित्येकांस वाटतें. पौलाचा प्रामाणिकपणा कोणापेक्षां उणा होता काय? तरी यरुशलेमच्या गरिबांची वर्गणी नेतांना कोणी दोष लावूं नये म्हणून त्यानें मंडळ्यांनीं निवडलेला बंधु सोबत घेतला (२ करिंथ, अध्याय ८).

धर्मसेवक बंधूंनीं राग मानूं नये. योवाशाच्या काळीं काम अडलें तें गवंड्यांपाशीं नव्हे, याजकांपाशीं. तेव्हां येत्या रविवारीं दानाची थाळी मोजतांना मंडळींतील आणखी एकास जवळ बसवावें. तो आपल्या नात्यांतला नसल्यास अधिक बरें.